पाटीवर पुसले, वहीत उरले

तामिळनाडूतले कुंभकोणम हे देवळांचे गाव. कावेरीच्या काठी वसलेले, गल्लोगल्ली गोपुरे असलेले. बारा वर्षांतून एकदा महामहमची यात्रा भरते, तेव्हा गावातल्या मोठ्या तळ्याच्या पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नसते. एरवी इथली ओळख म्हणजे पितळेची भांडी, विड्याची पाने आणि पितळी वाटीतून फेस काढत दिलेली कॉफी. मराठी माणसाला हे गाव तसे परके नाही. इथून चाळीसएक किलोमीटरवर तंजावर. व्यंकोजीराजांनी तिथे मराठी राज्य स्थापले आणि शंभराहून अधिक वर्षे हा सगळा मुलूख भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजवणारे सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते इथेच.

आज मात्र बाहेरगावचा पाहुणा देवदर्शन आटोपले की सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या एका बुटक्या, कौलारू घराकडे वळतो. पुढे ओटा, आत अरुंद खोली, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण या घरात गेले. जन्म इरोडचा, आईच्या माहेरी, २२ डिसेंबर १८८७ चा; पण वाढले ते इथे. वडील कापडाच्या दुकानात कारकून, आई कोमलताम्माळ देवळात भजने म्हणणारी. २००३ मध्ये ‘शास्त्र’ विद्यापीठाने हे घर विकत घेतले आणि आता ते स्मारक म्हणून जपले आहे.

ज्या वह्यांमुळे या घराला एवढे महत्त्व आले, त्या मात्र इथे नाहीत. त्या आहेत चेन्नईत, मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात. आणि कागदांचा एक मोठा गठ्ठा आहे थेट इंग्लंडमध्ये, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. शंभर वर्षांत या कागदांनी जेवढा प्रवास केला आणि जेवढ्या वेळा ते नाहीसे होता होता वाचले, ती हकीकत रामानुजन यांच्या गणितापेक्षा कमी नवलाची नाही. गणितापेक्षा ती समजायला सोपी आहे, हा आणखी एक फायदा!

कागद महाग, पाटी स्वस्त

रामानुजन टाउन हायस्कूलमध्ये शिकत होता. वय पंधरा-सोळा. कुणीतरी ग्रंथालयातून आणलेले एक जाडजूड पुस्तक त्याच्या हाती पडले. जी. एस. कार नावाच्या इंग्रज शिकवणीवाल्याने परीक्षार्थींसाठी केलेला तो सूत्रांचा संग्रह होता. सुमारे पाच हजार सूत्रे एकापाठोपाठ एक मांडलेली, सिद्धता जवळजवळ नाहीच. हुशार मुलाला असले पुस्तक द्यावे का, यावर शिक्षकांचे एकमत होणार नाही. पण या मुलाला ते भूतासारखे लागले. कारच्या सूत्रांच्या सिद्धता स्वतः शोधता शोधता तो नवी सूत्रे मांडू लागला.

पुढचे सर्वश्रुत आहे. १९०४ मध्ये गणिताचे बक्षीस घेऊन शाळा संपली, कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली आणि बाकीच्या विषयांत नापास झाल्यामुळे गेलीही. मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजातही तेच झाले. पदवी नाही, नोकरी नाही, १९०९ मध्ये लग्न मात्र झालेले. नवरी जानकी दहा वर्षांची.

या काळात रामानुजन ओट्यावर बसून मोठ्या पाटीवर गणिते करत. कागद परवडत नव्हता. पाटी भरली की कोपराने पुसायची, पुन्हा लिहायचे. फडके शोधण्यात वेळ कशाला घालवायचा, म्हणून कोपर! सगळी आकडेमोड झाली, उत्तर पटले की तेवढे वहीत उतरवायचे. त्यामुळे वह्यांमध्ये निकाल आहेत, पण तिथवर पोचण्याची वाट नाही. ती पाटीवरच पुसली गेली.

अशा तीन वह्या राहिल्या. पहिली ३५१ पानांची, बरीचशी एका वेगळ्याच हिरव्या शाईत लिहिलेली. दुसरी म्हणजे पहिलीचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती, एकवीस प्रकरणे आणि पुढे शंभर सुटी-सुटी पाने. तिसरी छोटी, ३३ पानांची. पहिल्या वहीत सुरुवातीला पानाच्या एकाच बाजूला नीटस लिहिलेले आहे. मग कोरी राहिलेली पाठची बाजू दिसली आणि वही उलटी धरून मागून पुढे कच्चे काम सुरू झाले. कागदाचा तुकडाही वाया न घालवणाऱ्या घरातल्या मुलाची ही वही आहे, हे पान उलटताच कळते.

या वह्या काखोटीला मारून रामानुजन मद्रासमध्ये साहेबांच्या दारात उभे राहत. १९१२ मध्ये पोर्ट ट्रस्टमध्ये तीस रुपयांची कारकुनी मिळाली. १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजच्या जी. एच. हार्डींना पत्र गेले. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. पदवी नसलेल्या माणसाला विद्यापीठाने अशी वृत्ती देणे ही तेव्हाही सोपी गोष्ट नव्हती, आजही नसेल. १७ मार्च १९१४ ला बोट सुटली. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पण तोवर तब्येत खचली होती. मार्च १९१९ मध्ये ते मुंबईच्या धक्क्यावर उतरले, ते आजारी होऊनच.

इंग्लंडमधून निघण्यापूर्वी त्यांनी मद्रास विद्यापीठाचे रजिस्ट्रार फ्रान्सिस ड्यूजबरी यांना एक पत्र लिहिले होते. विद्यापीठ आपल्याला वर्षाला २५० पौंड देणार आहे. त्यातले ५० पौंड आईवडिलांना द्यावेत, आपला आवश्यक खर्च भागल्यावर उरेल ते गरीब आणि पोरक्या मुलांच्या फीसाठी व पुस्तकांसाठी वापरावे, असा त्याचा आशय. फीअभावी शिक्षण सुटण्याची धास्ती काय असते हे त्यांना ठाऊक होते.

विधवेच्या हातचे कागद

२६ एप्रिल १९२० रोजी मद्रासला चेटपेट भागात रामानुजन वारले. वय अवघे बत्तीस. शेवटच्या वर्षभरात अंथरुणाला खिळून असतानाही लिहिणे थांबले नव्हते. जानकी अम्माळ पुढे सांगत की, अगदी अखेरच्या दिवसांतही ते कागद मागत, लिहीत आणि लिहिलेले कागद एका पेटीत जात. अंत्यविधीच्या गडबडीत त्यातले काही कागद लोकांनी उचलून नेले, असेही त्या सांगत. उरलेले त्यांनी मद्रास विद्यापीठाला दिले. विद्यापीठाने त्यांना महिना वीस रुपये निवृत्तिवेतन बांधून दिले.

एकविशीत विधवा झालेल्या या बाईंचे पुढे काय झाले, हे गणिताच्या पुस्तकांत एका ओळीत आटोपते. पण त्यांच्याही आयुष्याचा एक धागा आपल्या मुंबईशी जुळलेला आहे. पती गेल्यावर त्या काही वर्षे भावाकडे मुंबईत राहिल्या. तिथे शिवणकाम शिकल्या, थोडे इंग्रजी शिकल्या. मग १९३१ च्या सुमारास मद्रासला परतून त्रिप्लिकेनमध्ये बिऱ्हाड केले आणि शिलाई मशीनवर पोट भरले. १९५० मध्ये त्यांनी एक मुलगा दत्तक घेतला, त्याला शिकवले. १३ एप्रिल १९९४ रोजी त्या गेल्या. पतीच्या पश्चात ७४ वर्षे!

इकडे कागदांची पांगापांग झाली होती. पहिली वही रामानुजन हार्डींकडेच ठेवून आले होते. बाकी दोन वह्या मद्रासला. आणि मृत्यूपूर्वीचे सुटे कागद? ३० ऑगस्ट १९२३ रोजी ड्यूजबरींनी रामानुजन यांच्या कागदांचा एक गठ्ठा हार्डींना पाठवून दिला. हेतू चांगला होता. छापायचे तर तिथेच छापले जाईल. पण कागद गेले ते गेलेच.

पहिल्या वहीचे नशीब बरे. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाने ग्रंथपाल नेमला तो गणिताचाच एक तरुण प्राध्यापक, तंजावर जिल्ह्यातल्या शियाळीचा. त्याचे नाव एस. आर. रंगनाथन. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून पुढे जगभर नाव झालेले तेच हे रंगनाथन. ग्रंथालयांचा अभ्यास करायला ते इंग्लंडला गेले असता १९२५ मध्ये हार्डींनी पहिली वही त्यांच्या हवाली केली. वही मायदेशी आली. मग टी. ए. सत्गोपन यांनी तिन्ही वह्या हाताने नकलून काढल्या, एकदा नव्हे, तीनदा. एक नक्कल हार्डींना गेली. न समजणाऱ्या चिन्हांची शेकडो पाने, एकही टिंब न चुकवता उतरवायची! आजच्या स्कॅनरचे काम त्या काळी एका माणसाच्या बोटांनी केले. या नकलाकाराची आठवण फारशी कुणी काढत नाही.

एक फूट कागदांचा थर

हार्डींकडचा गठ्ठा बर्मिंगहॅमच्या जी. एन. वॉटसन यांच्याकडे गेला. वॉटसन यांनी रामानुजन यांच्या गणितावर पुष्कळ काम केले, मग हळूहळू ते मागे पडले. १९६५ मध्ये वॉटसन वारले. मृत्युलेख लिहायचा म्हणून जे. एम. व्हिटेकर त्यांच्या पत्नीकडे गेले, तेव्हा अभ्यासिकेत जमिनीवर फूटभर उंचीचा कागदांचा थर होता. जुन्या पावत्या, पत्रे, कच्ची गणिते, सगळे एकत्र. थोड्याच दिवसांत ते सारे जाळून टाकायचे ठरले होते. हात घालावा आणि हाती लागेल ते पाहावे, एवढेच शक्य होते. व्हिटेकर यांच्या हाती जे लागले त्यात रामानुजन यांची पाने होती.

गठ्ठा वाचला. वॉटसन यांच्या जागी बर्मिंगहॅमला प्राध्यापक झालेले आर. ए. रँकिन यांनी तो डिसेंबर १९६८ मध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या रेन ग्रंथालयात पाठवला. तिथे तो एका खोक्यात पडून राहिला. गंमत अशी, की ग्रंथालयात व्यवस्थित ठेवलेली वस्तूसुद्धा हरवू शकते. ती काय आहे हे ओळखणारा माणूस येईपर्यंत ती हरवलेलीच!

तो माणूस आला १९७६ च्या वसंतात. अमेरिकन गणिती जॉर्ज अँड्रूज एका परिषदेसाठी फ्रान्सला निघाले होते. विमानाचे स्वस्त तिकीट हवे तर युरोपात तीन आठवडे तरी राहणे भाग होते. उरलेले दिवस काय करायचे? वॉटसन यांचे जुने कागद केंब्रिजला आहेत, ते पाहा, असे त्यांना सुचवले गेले होते. अँड्रूज यांनी खोके उघडले. त्यांचा स्वतःचा प्रबंध होता ‘मॉक थीटा’ या फलनांवर, म्हणजे रामानुजन यांनी १२ जानेवारी १९२० च्या हार्डींना लिहिलेल्या शेवटच्या पत्रात ज्यांचा उल्लेख केला होता त्यांवरच. पाने उलटताच त्यांना ती फलने दिसली. समोर असलेले शंभरावर पानांचे हे लिखाण अखेरच्या वर्षातलेच असणार, हे त्यांनी तिथेच ओळखले. सहाशेच्या आसपास सूत्रे, सिद्धता एकाचीही नाही. विमान कंपनीने अट घातली नसती तर हा शोध आणखी किती वर्षे लांबला असता, कोण जाणे.

ही वही नव्हेच, सुटे कागद आहेत. पण ‘हरवलेली वही’ हे अँड्रूज यांनी दिलेले नाव चिकटले ते चिकटलेच. २२ डिसेंबर १९८७ रोजी, जन्मशताब्दीच्या दिवशी, तिच्या छापील प्रतीचे प्रकाशन मद्रासला झाले. तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांनी एक प्रत अँड्रूज यांना दिली आणि एक जानकी अम्माळ यांना. पेटीत ठेवलेले कागद ६७ वर्षांनी पुस्तक होऊन त्या म्हातारीच्या हाती आले.

छायाचित्रापासून पडद्यापर्यंत

चेन्नईतल्या तीन वह्यांचे काय? तिथे मदतीला आली ती मुंबई. १९५७ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तिन्ही वह्यांची छायाप्रत दोन खंडांत छापली. संपादन नाही, टीप नाही, जसे आहे तसे. हा निर्णय तेव्हा काहींना आळशीपणाचा वाटला असेल. तो शहाणपणाचा होता. कारण या पुस्तकामुळेच अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठातले ब्रूस बर्न्ट चेन्नईला न जाता कामाला लागू शकले. वह्यांत तीन हजारांवर निकाल. एकेक घेऊन त्याची सिद्धता द्यायची, कुणी आधी दिली असेल तर तसे नोंदवायचे. १९८५ ते १९९८ या काळात त्यांचे पाच खंड निघाले. मग अँड्रूज यांच्याबरोबर ‘हरवलेल्या वही’चे आणखी पाच, २००५ ते २०१८. चुकीची म्हणावीत अशी सूत्रे फारच थोडी सापडली.

पण १९५७ ची प्रत कृष्णधवल होती. त्या छपाईत शाईचा फराटा आणि ओलीचा डाग दोन्ही काळेच. हिरवी शाई कळत नाही, फिकट पेन्सिल उमटत नाही, मागच्या पानावरची शाई फुटून आली तर ती या पानाचीच वाटते. गणितात एका टिंबाने किंवा वजाच्या चिन्हाने सगळे उलटते, तेव्हा ही बाब किरकोळ नाही. शिवाय मूळ कागद म्हातारे होत होते. स्वस्त कागदात आम्ल असते. ते वर्षानुवर्षे कागदाचे तंतू आतून कुरतडते. पान आधी पिवळे, मग तपकिरी होते आणि शेवटी घडीवर तुटते. त्यात मद्रासची समुद्राकाठची दमट हवा.

रामानुजन यांच्या १२५ व्या जयंतीच्या निमित्ताने टाटा संस्थेने नवी आवृत्ती काढली, या वेळी डिजिटल चित्रांवरून, रंगीत. चित्रे घेण्याचे काम चेन्नईच्या रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालयाने केले. या ग्रंथालयाचीही कहाणी ऐकण्यासारखी. कोट्टैयूर गावचे रोजा मुथय्या चेट्टियार मूळचे पाट्या रंगवणारे. हौसेपोटी त्यांनी तमिळ पुस्तके, मासिके, नाटकांच्या जाहिराती असा लाखभर वस्तूंचा संग्रह घरात जमवला. त्यांच्यामागे शिकागो विद्यापीठाने तो विकत घेतला, पण परदेशी न नेता चेन्नईतच त्याचे ग्रंथालय उभारले. जुना कागद कसा हाताळायचा, हे तिथली मंडळी रोजच्या कामातून शिकली.

अशा वहीचे चित्र घेणे म्हणजे झेरॉक्स काढणे नव्हे. वही उताणी दाबून सपाट केली तर शिवण उसवते. म्हणून तिला पाळण्यासारख्या आधारावर अर्धवट उघडी ठेवतात, कॅमेरा वरून असतो, उजेड न तापणाऱ्या दिव्यांचा. पान हाताने, सावकाश उलटायचे. शेजारी रंगांची पट्टी ठेवतात, म्हणजे पडद्यावरचा हिरवा तो वहीतलाच हिरवा की नाही हे ताडून पाहता येते. एक मोठे, जड चित्र कायमचे जपायचे आणि त्यावरून वाचकांसाठी हलक्या प्रती काढायच्या. प्रत्येक चित्राला कोणत्या वहीचे, कितवे पान, पुढची बाजू की मागची, अशी माहितीची चिठ्ठी जोडावी लागते. ही चिठ्ठी चुकली तर चित्र असून नसल्यासारखे. केंब्रिजच्या त्या खोक्याची गोष्ट इथे पुन्हा आठवावी.

आज या वह्यांची पाने इंटरनेटवर पाहता येतात. ट्रिनिटीच्या रेन ग्रंथालयानेही आपली हस्तलिखिते पडद्यावर आणली आहेत, त्यांत रामानुजन यांचे कागद आहेत. साताऱ्यातल्या किंवा लातूरमधल्या एखाद्या मुलीने मनात आणले तर शाळेच्या संगणकावर दुसरी वही उघडून पाहावी. तिचे पहिलेच प्रकरण आहे जादूच्या चौरसांचे: उभे, आडवे, तिरके, कसेही मिळवा, बेरीज तीच. ते चौथीतल्या मुलालाही कळेल. तिसऱ्या प्रकरणापासून मात्र भल्याभल्यांना घाम फुटतो.

डिजिटल झाले म्हणजे अमर झाले, असा समज मात्र नको. पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने केलेल्या सीड्या आज घरात कुणाच्या चालतात? चित्रेही दर काही वर्षांनी नव्या यंत्रावर उतरवावी लागतात, दोन-तीन ठिकाणी ठेवावी लागतात, आणि त्यासाठी माणूस व पैसा लागतो. मूळ वही तर जपायचीच. सत्गोपन यांच्या नकला होत्या, छायाप्रत होती, म्हणून वही फेकली असती तर हिरवी शाई आज कुणाला दिसली असती?

या जुन्या कागदांत नवे ते काय उरले आहे, असा प्रश्न कुणी विचारील. शेवटच्या पत्रातल्या ‘मॉक थीटा’ फलनांचा नेमका स्वभाव कळला तो २००२ मध्ये, नेदरलँड्समधल्या सँडर झ्वेगर्स या तरुणाच्या प्रबंधातून. त्यानंतर दहा वर्षांनी आतिश दाभोलकर, समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांनी तेच गणित कृष्णविवरांच्या अभ्यासात वापरले. अंथरुणावर पडून लिहिणाऱ्या रामानुजन यांच्या काळी कृष्णविवर हा शब्दही नव्हता.

आणि १७२९ ची गोष्ट तर घराघरांत ठाऊक आहे. आजारी रामानुजनना भेटायला हार्डी टॅक्सीने गेले, टॅक्सीचा क्रमांक १७२९ होता, अगदीच नीरस आकडा, असे ते म्हणाले. छे, दोन घनांची बेरीज दोन वेगवेगळ्या रीतींनी देणारी ती सर्वांत लहान संख्या आहे, असे उत्तर खाटेवरून तत्काळ आले. एकाचा घन अधिक बाराचा घन. नवाचा घन अधिक दहाचा घन. ही क्षणात सुचलेली चमक, असेच सगळे समजत आले. २०१३ मध्ये केन ओनो आणि अँड्रू ग्रॅनव्हिल हे दोन गणिती रेन ग्रंथालयात रामानुजन यांची पाने चाळत होते. एका पानावर तेच नऊ, दहा आणि बारा त्यांच्या अक्षरात मांडलेले दिसले, शेजारी त्याच जातीची आणखी उदाहरणे आणि ती हवी तेवढी तयार करण्याची रीत. म्हणजे या आकड्यांवर त्यांनी कागदावर बसून विचार केला होता, आणि तो गणिताच्या अशा एका शाखेपर्यंत पोचत होता जी पुढे कित्येक दशकांनी उदयाला आली. ते पान कुठे दडवलेले नव्हते. १९८८ च्या छापील पुस्तकात ते होतेच, पंचवीस वर्षे.